चार सेकंदांची जागा

त्या खोलीत मी चुकून शिरले, आणि तेही नेमक्या नको त्या क्षणी.

शाळेच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका पोचवायला मी त्या भाषासंस्थेत गेले होते. तिसरा मजला, उजवीकडे दुसरं दार, असं खालच्या शिपायानं सांगितलं होतं. माझं डावं-उजवं लहानपणापासून कच्चं. दाराला आतून जाड कापड लावलेलं होतं, ते उघडायला खांदा लावावा लागला. आत पाऊल टाकल्यावर दिसलं की भिंतीवर एक लाल दिवा लागलाय आणि टेबलाशी बसलेले एक वयस्कर प्राध्यापक इंग्रजी वाक्य अर्ध्यावर सोडून माझ्याकडे बघतायत.

"सॉरी… चुकलं माझं," मी म्हटलं.

समोरच्या भिंतीत मोठी काच होती. काचेपलीकडे कानांवर हेडफोन घातलेला एक माणूस बसला होता. त्यानं लाल दिवा बंद केला, एक बटण दाबलं आणि खोलीतल्या स्पीकरमधून त्याचा आवाज आला.

"पुन्हा म्हणा."

"काय?"

"आता म्हणालात ते."

मला वाटलं, हा गृहस्थ माझी खोड मोडतोय. मग मीही शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज काढला आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "सॉरी. चुकलं माझं." त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि कानामागची पेन्सिल काढून कागदावर काहीतरी लिहिलं. मी तडक बाहेर पडले.

संध्याकाळी संस्थेच्या संपादकबाईंचा फोन आला. इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी त्या बत्तीस पाठांचा एक अभ्यासक्रम करत होत्या. पाठातली वाक्यं कोणीतरी वाचायची, ऐकणाऱ्यानं ती मागून म्हणायची. प्राध्यापकांना नवी कवळी बसवली होती आणि 'एस' आला की बारीक शिट्टी वाजत होती. ते स्वतःच म्हणाले होते, मला यातून सोडवा. "आमच्या साउंडवाल्यांचं म्हणणं आहे की आवाज सापडलाय," संपादकबाई म्हणाल्या. "शनिवारी सकाळी दहा वाजता या. प्रश्नपत्रिका आणू नका."

अशी मी त्या खोलीत जायला लागले. अकरा शनिवार गेले.

*

काम सोपं होतं, पण त्याचे नियम फार. आत शिरताना घड्याळ आणि कानातले डूल काढून दाराशी ठेवलेल्या स्टीलच्या वाटीत टाकायचे, कारण ते वाजतात. कानांवर हेडफोन घालायचे, कारण लाल दिवा लागलेला असताना खोलीतला स्पीकर बंद असतो. टेबलावर जाड ब्लँकेट अंथरलेलं. कागद सुटे, प्रत्येकाचा एक कोपरा दुमडलेला, म्हणजे उचलताना सळसळ होत नाही. वाक्य वाचायचं, आणि मग अजिबात हलायचं नाही. ऐकणाऱ्याला ते वाक्य म्हणता यावं म्हणून तिथे रिकामी जागा सोडायची असते. साधारण चार सेकंदांची.

ही जागा घड्याळ लावून मोजता आली असती. पण संपादकबाईंचं म्हणणं, शिकणारा माणूस काही घड्याळ नसतो. तो अडखळतो, जीभ चावतो, मनात आधी आपल्या भाषेत म्हणून बघतो. म्हणून त्यांनी पद्धत अशी घातली होती की मी वाक्य वाचलं की काचेपलीकडे साउंडवाल्यानं ते मनातल्या मनात ओठ हलवून म्हणायचं आणि म्हणून झालं की एक बोट वर करायचं. बोट वर आलं की मी पुढचं वाक्य घ्यायचं. या कामासाठी तो एकदम योग्य होता, कारण इंग्रजीत तो शाळेत तीनदा नापास झाला होता. "यांना जागा पुरली तर कोणालाही पुरेल," असं संपादकबाई त्याच्या तोंडावर म्हणायच्या आणि तो ते प्रशस्तिपत्र मिळाल्यासारखं ऐकून घ्यायचा.

मी मनात त्याचं नाव 'चार-सेकंद' ठेवलं होतं. तो मला 'बाई' म्हणायचा, शाळेतल्या मुलांसारखं.

आता विचार करा. मी काहीतरी म्हणायचं, आणि समोर काचेआड बसलेल्या माणसानं माझ्याकडे बघत तेच शब्द ओठांवर घोळवायचे, आवाज न काढता. आणि मी त्या चार सेकंदांत हलायचंही नाही. पहिल्या दोन शनिवारी वाक्यं होती 'हे माझं पुस्तक आहे' आणि 'स्टेशन कुठे आहे' अशी, त्यामुळे माझं बरं चाललं होतं. तिसऱ्या शनिवारी 'तुझे डोळे तपकिरी आहेत' असं एक वाक्य आलं. त्यानं ते ओठांवर म्हटलं, अगदी नीट, एकेक शब्द करून. मग बोट वर करायला विसरला. मीही पुढचं वाक्य घ्यायला विसरले. नंतर तो भाग पुन्हा करावा लागला आणि त्याचं खापर आम्ही दोघांनी पंख्यावर फोडलं. पंखा बंद होता.

खिडकीवर बाहेरून पत्र्याचं छप्पर होतं. पाऊस आला की त्यावर असा ताशा वाजायचा की काम थांबवावंच लागे. मग तो आपल्या खोलीतून उठायचा, मधलं जड दार उघडून उंबरठ्यावर बसायचा आणि आम्ही पाऊस थांबायची वाट बघायचो. खरं सांगायचं तर मी शुक्रवारपासूनच आभाळाकडे बघायला लागले होते. मला पाऊस आवडायचा नाही, कपडे वाळत नाहीत म्हणून. पण शनिवारी सकाळी दहाच्या पुढचा पाऊस ही गोष्टच वेगळी होती.

अशाच एका पावसात त्यानं विचारलं, "बाई, आम्हाला शाळेत 'आय वॉज' शिकवलं. मग या पाठात 'इफ आय वेअर' कसं? मी म्हटलं असतं तर छडी खाल्ली असती."

मी त्याला सांगितलं की जी गोष्ट खरी नाही, नुसती असावीशी वाटते, तिच्यासाठी इंग्रजीत क्रियापद असं बदलून घेतात. म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की हे आहे असं नाही, असतं तर बरं झालं असतं.

"आपल्याकडे नाही का तसं?"

"आहे की. आमच्या घरी तर रोजच्या वापरात आहे." आणि मी त्याला आमच्या घरातली गंमत सांगितली.

आमच्या घरात आई, आत्या आणि मी. कोणी 'असं झालं असतं तर' असं सुरू केलं की आई लगेच म्हणते, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." म्हण काही आईची नाही, जुनी आहे. पण समोर आत्या प्रत्यक्ष बसलेली असते. ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, तीस वर्षं लोकांच्या लायनी जोडून निवृत्त झाली, आणि तीस वर्षं वहिनीकडून ही म्हण ऐकतेय. ती फक्त वरच्या ओठावरून एक बोट फिरवते आणि चष्म्यावरून आईकडे बघते.

"याचं इंग्रजी करा," तो म्हणाला.

"इफ आत्या हॅड अ मस्टॅश, वुई वुड कॉल हर काका."

तो इतका हसला की त्याला भिंतीला धरावं लागलं. हसताना त्याचा आवाजच येत नाही, हे मला तेव्हा कळलं. नुसते खांदे हलतात. मग पाऊस थांबला, तो उठून काचेपलीकडे गेला, मी पहिलं वाक्य वाचलं आणि त्यानं ओठांनी ते म्हणायच्या ऐवजी वरच्या ओठावरून बोट फिरवलं. सगळी ओळ पुन्हा घ्यावी लागली.

निघताना मी वाटीतून डूल उचलायची आणि म्हणायची, "येते." तो म्हणायचा, "या." एवढंच. आपल्याकडे 'जाते' म्हणत नाहीत म्हणून ते म्हणायचं. पण जिन्यावरून उतरताना मला ते 'या' घरापर्यंत पुरायचं.

*

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. सहा शनिवार तोंडात मूग गिळून बसले होते.

हे सगळं सुरू व्हायच्या आधी, म्हणजे डावं-उजवं चुकायच्या कितीतरी आधी, मी समुद्रापलीकडच्या एका शाळेत अर्ज केला होता. दोन वर्षांचं काम. परक्या मुलांना परकी भाषा शिकवायची, आणि शिकवण्याची नवी पद्धत त्यांच्याकडून शिकायची. असं काहीतरी करावं हे माझं जुनं वेड. बी.एड.ला असल्यापासूनचं. आणि आता त्यांचं पत्र आलं होतं, तुमची निवड झाली आहे. होकाराचा फॉर्म अमुक शुक्रवारपर्यंत पाठवा. मी मोजून पाहिलं. शेवटच्या रेकॉर्डिंगच्या शनिवारनंतरचाच तो शुक्रवार होता.

फॉर्म भरून मी पर्समध्ये ठेवला, आणि तो तिथेच राहिला. आई विचारायची, पाठवलास का. मी म्हणायची, पाठवते. आत्या काहीच विचारायची नाही.

मला काय हवं होतं ते मी इथे स्पष्टच लिहिते. मला हवं होतं की त्यानं म्हणावं, जाऊ नका. तेवढे दोन शब्द त्यानं म्हटले असते तर मी फॉर्म फाडून टाकला असता आणि वर आनंदानं फाडला असता. असं मी ठरवूनच टाकलं होतं. त्याला न विचारता, त्याच्यावर सोपवून मोकळी झाले होते.

सातव्या शनिवारी पाऊस आला. तो उंबरठ्यावर बसला होता, बाही दुमडलेली, कानामागे पेन्सिल. मी सांगितलं. शाळेचं नाव, दोन वर्षं, सगळं. सांगताना मी त्याच्याकडे न बघता ब्लँकेटचा दोरा ओढत होते.

तो बराच वेळ पत्र्याचा आवाज ऐकत बसला.

"चांगली बातमी आहे," तो म्हणाला.

"हो ना."

"तिकडची हवा… मानवेल तुम्हाला."

मग पाऊस पुरता थांबलाही नव्हता, तोवर तो उठून आत गेला. हवा मानवेल. एखाद्या आजारी काकांना गावी पाठवताना म्हणावं तसं. मी घरी येऊन आईवर चिडले, भाजी करपवली आणि उशीत तोंड खुपसून रडले. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं मी आत्याला सांगितलं.

"नाही ना?" आत्या म्हणाली. "बरं."

त्यानंतर काम तसंच चालू राहिलं, पण काहीतरी बदललं होतं. जागा लांबायला लागल्या. मी वाक्य वाचायची, त्याचे ओठ हलायचे, आणि बोट काही वर यायचं नाही. चारचे पाच सेकंद, पाचाचे सहा. हलता येत नाही म्हणून मी नुसती बघत बसायची. वाटायचं, याचं लक्ष उडालंय. कधी वाटायचं, मी जाणार म्हणून तो काम ढकलतोय. संपादकबाईंनीही एकदा विचारलं की एकोणतिसाव्या पाठात एवढ्या लांब जागा का? तो म्हणाला, वाक्यं अवघड आहेत.

वाक्यं खरंच अवघड होती. एकोणतिसाव्या पाठापासून सगळा कारभारच इच्छेचा होता. आय विश असं असतं तर, इफ ती इथे असती तर, आणि कोणी कोणाला सुचवतंय की त्यानं असं करावं. शेवटच्या शनिवारी एकतिसावा आणि बत्तिसावा पाठ राहिला होता. हेडफोनमध्ये तो मला मोजून सांगत होता, जसं तो नेहमी सांगायचा. "आणखी दोन पाठ, बाई." मग, "आता या पाठातली बाराच वाक्यं." ते शांत, जवळचं, कानातच येणारं 'बाराच' मला ऐकवेना. मी हेडफोन काढले आणि मायक्रोफोनच्या शेजारी ब्लँकेटवर ठेवून दिले. काचेतून त्याला खूण केली की कान दुखतायत, बोटावरच घेऊ. त्यानं मान हलवली.

बारा वाक्यं झाली. बत्तिसावा पाठ झाला. लाल दिवा विझला.

"संपलं," तो म्हणाला.

मी डूल घातले. एक पटकन जाईना. तो वाटी हातात धरून उभा होता, ती खाली ठेवायचंही त्याला सुचत नव्हतं. मी वाट बघितली. चार सेकंद काय, मी चाळीस सेकंद वाट बघितली असेल.

"येते," मी म्हटलं.

"या," तो म्हणाला.

रविवारी आत्या माझ्याजवळ येऊन बसली. तिनं तिच्याबद्दल कधी नव्हे ते एक वाक्य सांगितलं. एक्सचेंजमध्ये दुसऱ्या गावच्या ऑपरेटरशी रोज तिचं बोलणं व्हायचं, नऊ वर्षं, नंबर द्या आणि नंबर घ्या एवढंच. "लाइन दोन्हीकडून चालू होती बाळा," ती म्हणाली. "बोललं कोणीच नाही. मग त्याची बदली झाली." आणि ती उठून शेंगा सोलायला गेली.

*

बुधवारी संपादकबाईंचा फोन आला. एकतिसाव्या पाठात गडबड आहे, येऊन जा.

शाळा सुटल्यावर गेले. संपादकबाई कडक. त्यांच्याशी कोणी वाद घालत नसे, त्या बोलल्या की विषय संपे. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाल्या, "वाक्य नका ऐकू. रिकाम्या जागा ऐका."

माझाच आवाज आला. 'आय विश आय वेअर टॉलर.' मी अजून उंच असते तर बरं झालं असतं. आणि मग त्या रिकाम्या जागेत, फार लांबून, एखाद्या बंद डब्यातून यावा तसा एक पुरुषाचा आवाज.

'आय विश शी वेअर नॉट गोइंग.'

मी खुर्चीचा हात धरला.

काय झालं होतं ते मला तिथेच कळलं. काचेपलीकडून माझ्याशी बोलायचं ते बटण जुनं होतं, कधीकधी दाबलेलंच अडकून राहायचं आणि मग मला हेडफोनमध्ये त्याचं खोकणं, पेन्सिल आपटणं असं सगळं ऐकू यायचं. त्या दिवशीही अडकलं होतं, एकतिसावा पाठ संपेपर्यंत. आणि मी हेडफोन काढून ठेवले होते, ते नेमके मायक्रोफोनला चिकटून. त्याचा आवाज माझ्या कानात यायच्या ऐवजी सरळ पाठात गेला होता. एरवी तो प्रत्येक पाठ पाठवायच्या आधी शेवटपर्यंत ऐकतो. हा पाठ त्यानं ऐकला नव्हता. ऐकवला नसणार त्याला. माझा आवाज.

मी पुढे ऐकलं. बारा जागा, बाराही भरलेल्या. माझं वाक्य तो म्हणतच नव्हता. ओठ हलत होते ते यासाठी. गेले चार शनिवार, मी ताठ बसून बघत होते ते यासाठी.

मी वाचलं होतं, डॉक्टरकडे जावं असं मी त्याला सुचवते. तो म्हणत होता, 'आय सजेस्ट दॅट ही टेल हर.' त्यानं तिला सांगावं असं मी सुचवतो. आणि जरा थांबून आपल्या भाषेत, अगदी हळू, "सांग की, गाढवा."

मी वाचलं होतं, तो इथे असता तर त्यानं मदत केली असती. तो म्हणत होता, ती इथे असती तर… पुढचं इंग्रजी त्याला जमलं नव्हतं. नुसता श्वास होता.

आणि शेवटचं वाक्य. मी वाचलं होतं, 'इफ आय वेअर यू, आय वुड वेट.' मी तुझ्या जागी असते तर थांबले असते. तो बराच वेळ काही बोलला नव्हता. मग म्हणाला, 'इफ आय वेअर हर, आय वुड गो.'

हेडफोन काढले तेव्हा संपादकबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"हा आवाज कोणाचा ते मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळतो?"

"…नाही."

"बरं. उद्या सकाळी हा पाठ परत घ्या. मी त्यांना एवढंच सांगितलंय की जागांमध्ये खरखर आहे." त्या उठल्या. "आणि या वेळी हेडफोन कानात घाला."

*

गुरुवारी सकाळी पाऊस नव्हता. मी डूल वाटीत टाकले, बसले, हेडफोन घातले. काचेपलीकडून तो म्हणाला, "सॉरी बाई, परत यावं लागलं. चूक माझीच आहे, तपासायचं राहिलं."

"होतं असं," मी म्हटलं.

लाल दिवा लागला. मी पहिलं वाक्य वाचलं. आय विश आय वेअर टॉलर. त्याचे ओठ हलायला लागले, आणि मी त्या जागेत, मायक्रोफोनजवळ वाकून, सावकाश म्हटलं, "शी विशेस द सेम."

त्याचे ओठ थांबले. बोट अर्धवट वर आलं होतं ते तसंच राहिलं.

"बाई," माझ्या कानात आवाज आला, "जागेत… बोलायचं नसतं."

"हो का? मला वाटलं, इथे तशी पद्धत आहे."

 त्यानं बटणाकडे पाहिलं. मग ब्लँकेटकडे, जिथे शनिवारी माझे हेडफोन पडले होते. साउंडवालाच तो, एका क्षणात सगळा हिशोब लागला त्याला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला काचेतूनही दिसल्या.

"किती ऐकलंत?"

"बारा."

"सगळं?"

"गाढवासकट."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. मग अगदी हळू विचारलं, "चुका किती होत्या?"

"एक."

"कुठली?"

"काचेपलीकडून बोललात, ती."

तो उठला. मधलं जड दार उघडलं आणि उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. पाऊस नसताना तो तिथे पहिल्यांदाच आला होता. आता त्याच्या-माझ्यात काच नव्हती, बटण नव्हतं.

मीच बोलले. म्हटलं, उद्या शुक्रवार आहे. फॉर्म माझ्या पर्समध्ये आहे, अजून पाठवलेला नाही. तुम्ही म्हणालात तर मी तो पाठवणार नाही. एवढं सगळं मी एका दमात म्हटलं आणि मग मलाच माझ्या धीटपणाची भीती वाटली.

"मी थांबा म्हणणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"तुम्ही थांबाल म्हणून."

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, मग ते सगळं कशाला म्हणत होतात, आय विश आणि आय विश. नुसता पाठ होता का तो?

तो उंबरठ्यावर बसला, नेहमीसारखा. सांगायला लागला. सात वर्षांपूर्वी त्याला एका मोठ्या ठिकाणी बोलावणं आलं होतं. जंगलात, नद्यांवर हिंडून आवाज गोळा करायचे, प्राण्यांचे, पाण्याचे. मोठा भाऊ म्हणाला, थांब रे, इथे काय कमी आहे. तो थांबला. "त्या दादावर मी अजून चिडलेला आहे," तो म्हणाला. "आणि त्या बिचाऱ्याला आठवतही नाही की आपण काही म्हटलं होतं." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही माझ्यावर तसं चिडलेलं मला नाही चालणार."

माझा राग तिथेच उतरला. कारण मला माझंच सोंग दिसलं होतं. मला त्याच्या 'थांबा'साठी थांबायचं होतं, म्हणजे पुढे कधी चुकलं तर बोट दाखवायला कोणीतरी असतं. जायचं तर मला होतंच. बी.एड.पासून होतं. आणि त्याच्यापासून लांब जायचं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. दोन्ही एकदम खरं असू शकतं हे मला कुठल्याच पाठात कोणी शिकवलं नव्हतं.

"दोन वर्षं आहेत," मी म्हटलं. माझा आवाज नेमका तेव्हाच फुटला.

"माझं कामच जागा सोडायचं आहे," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न करत होता. "मोठी सोडू."

"मधे दुसरं कोणी बोललं तर?"

"तपासून पाठवीन. या वेळी शेवटपर्यंत ऐकीन."

मग मी रडले, थोडंसं. त्यानं खिशातून रुमाल काढला, त्याला पेन्सिलीचा वास होता. हातात देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर राहिली, चार सेकंद, जास्तच. मोजणारं कोणी नव्हतं.

पाठ मात्र आम्ही नीट पूर्ण केला. बारा वाक्यं, बारा रिकाम्या जागा, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. या वेळी त्याच्या ओठांवर खरंच माझंच वाक्य होतं, मी बघितलं. शेवटचं वाक्य म्हणताना त्यानं मात्र डोळे मिटून घेतले. संपादकबाईंनी तो पाठ ऐकला आणि म्हणाल्या, आता स्वच्छ आहे.

दाराशी त्यानं वाटी पुढे धरली. मी एक डूल घातला. दुसरा वाटीतच ठेवला. त्यानं वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"येते," मी म्हटलं.

तो काहीच बोलला नाही. मी दार ढकललं आणि जिना उतरायला लागले. सात-आठ पायऱ्या उतरले असेन, तेव्हा वरून त्याचा आवाज आला. अकरा शनिवार मी 'या' ऐकलं होतं.

"ये," तो म्हणाला.

फॉर्म मी दुसऱ्या दिवशी पाठवला. आई रडली, आणि म्हणाली, माझी आई आज असती तर तिला किती आनंद झाला असता. आत्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि सावकाश वरच्या ओठावरून बोट फिरवलं.

दोन वर्षं पुढच्या महिन्यात संपतायत. परतीचं तिकीट मी शनिवारचं काढलंय, पहाटे उतरणारं. सामान घरी टाकून, आईला नि आत्याला भेटून, दहापर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचता येईल. माझ्याकडचा एक डूल मी इथे आल्यापासून घातलेला नाही, त्याचा जोडीदार त्या वाटीत आहे.